जीपीएस कुंपणाचा गळपट्टा: खोटे इशारे आणि त्यांवरचे उपाय

पेनसिल्व्हेनियातील आमच्या वसाहतीत घरमालक संघटनेच्या, म्हणजे इथे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एचओएच्या, नियमांनुसार घरासमोर कुंपण घालता येत नाही, आणि मागच्या अंगणात घालायचे झाल्यास उंचीपासून रंगापर्यंत सगळ्याची मंजुरी घ्यावी लागते. अशा वसाहतींत कुत्र्यांसाठी जमिनीखाली तार पुरून केलेले अदृश्य कुंपण जुनेच आहे; त्याचे पेटंट रिचर्ड पेक यांना १९७३ साली मिळाले होते. आता त्या तारेची जागा जीपीएसचा गळपट्टा घेऊ लागला आहे. खणाखणी करावी लागत नाही, तार तुटण्याची भीती नाही, ॲपमधल्या नकाशावर बोटाने रेघ ओढली की कुंपण तयार, असे त्याचे आकर्षण. आमच्या बंडूसाठी, म्हणजे अडीच वर्षांच्या बीगल जातीच्या कुत्र्यासाठी, आम्हीही असा एक पट्टा घेतला. किंमत सुमारे सहाशे डॉलर, दरमहा सबस्क्रिप्शन वेगळे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या किमतीतल्या बहुतेक पट्ट्यांना कमी-अधिक प्रमाणात लागू पडते आणि दोष एकट्या त्या कंपनीचा नाही.

चांगल्या गोष्टी थोडक्यात सांगून टाकतो. पट्ट्याची बांधणी भक्कम आहे, पाण्यात भिजून काही बिघडत नाही, एकदा चार्ज केल्यावर दिवसभर पुरतो आणि कुत्रा कुठे आहे हे फोनवर पाहण्याची सोय खरोखर उपयोगाची आहे. बीगलच्या नाकाला सशाचा वास लागला की त्याला जगाचे भान राहत नाही, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. कुत्रा कुंपणाच्या रेघेकडे जाऊ लागला की शिट्टीसारखा आवाज, मग कंपन आणि शेवटी विजेचा सौम्य झटका अशा तीन पायऱ्यांचे इशारे पट्टा देतो. त्यांतली कोणतीही पायरी ॲपमधून बंद करता येते, आणि झटक्याची पायरी आम्ही पहिल्या दिवसापासून बंदच ठेवली. पुढे काय घडले ते पाहता ते फार बरे झाले.

तक्रार आहे ती खोट्या इशाऱ्यांची. कुत्रा अंगणाच्या मध्यावर किंवा चक्क डेकवर, म्हणजे घराला जोडलेल्या लाकडी ओट्यावर, झोपलेला असताना पट्टा वाजू लागतो, कुत्रा दचकून उठतो आणि कोणत्या दिशेने हटायचे हे न कळल्याने जागच्या जागी घुटमळतो. त्या दिवसांत सांगलीहून आई आमच्याकडे आली होती. ती डेकवर बसलेली असताना असे झाले की म्हणायची, "अरे, तो बिचारा गप पडलाय, त्याच्या अंगावर कशाला ओरडतंय हे?" प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे पूर्ण उत्तर कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नव्हते.

ॲपमध्ये कुत्र्याच्या हालचालींची जी नोंद राहते ती मोठी करून पाहिल्यावर मात्र बरेच काही उलगडले. बंडू डेकवर झोपला होता त्या तासाभरात नकाशावर त्याच्या नावाने कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा पसरल्या होत्या, आणि त्यांतली एक रेघ शेजाऱ्यांच्या गॅरेजच्या भिंतीतून आरपार जाऊन काही सेकंदांत परत आली होती. इतक्या वेगाने तर ससासुद्धा धावत नाही. जागचा न हललेला कुत्रा नकाशावर भिंती ओलांडून पळताना दिसत असेल, तर तो इशारा खोटा आहे हे निश्चित समजावे आणि पट्ट्याच्या सेटिंगपेक्षा आधी पट्ट्याच्या डोक्यावरच्या आकाशाकडे पाहावे.

त्यासाठी थोडे जीपीएसविषयी सांगायला हवे. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचे संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेले असतात. स्थान काढण्यासाठी किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनला साधारण ४.९ मीटर त्रिज्येच्या आत आपले स्थान कळते, असे अमेरिकी सरकारचे जीपीएसविषयक संकेतस्थळच सांगते. गळपट्ट्यातला अँटेना फोनइतकाच किंवा त्याहून लहान असतो आणि तो केसाळ, सतत हलणाऱ्या मानेवर बसवलेला असतो, हे लक्षात घेता त्याच्याकडून याहून फार मोठ्या अचूकतेची अपेक्षा करणे धाडसाचे आहे. जाहिरातीत मात्र कुत्रा नेमका रेघेवर येऊन थबकताना दाखवतात.

आता हेच गणित अंगणाला लावून पाहू. आमचा भूखंड अर्ध्या एकराचा, म्हणजे साधारण २,०२० चौरस मीटर. तो चौरस धरला तर एक बाजू पंचेचाळीस मीटर भरते. मधोमध पंधरा मीटरचे घर उभे केले की प्रत्येक बाजूला पंधरा मीटर मोकळी जागा उरते. रस्त्यापासून सुरक्षित अंतर म्हणून कुंपणाची रेघ तीन मीटर आत घ्यावी लागते, त्या रेघेच्या आत आणखी तीन मीटर रुंदीची इशाऱ्याची पट्टी येते, आणि उरलेल्या नऊ मीटरांतून जीपीएसची पाच मीटरांची चूक वजा केली की कुत्र्याला निर्धास्तपणे फिरायला जेमतेम चार मीटर राहतात. हा हिशेब मोकळ्या आकाशाचा आहे. घराची भिंत, झाडे आणि ओली पाने यांनी चूक वाढली की ते चार मीटरही संपतात आणि अंगणात उभे राहण्यासारखी जागाच उरत नाही. अर्ध्या एकराला हा पट्टा चालतो असे विक्रीच्या पानावर लिहिले होते. ते तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही, पण कोणत्या अर्ध्या एकराला, हे तेथे लिहायला हवे होते.

खोटे इशारे अंगणभर सारखे येत नाहीत, आणि दुरुस्तीची सुरुवात या निरीक्षणापासून करावी. आमच्याकडे जवळजवळ सगळे इशारे घराच्या उत्तरेकडच्या डेकपाशी येत होते. त्याचे कारण उपग्रहांच्या कक्षांत आहे. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे पेनसिल्व्हेनियासारख्या ४० अंश उत्तर अक्षांशावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले तर आकाशाच्या एका मोठ्या भागात उपग्रह कधी येतच नाहीत. बहुतेक उपग्रह डोक्यावर, दक्षिणेला आणि बाजूंना असतात. घराच्या उत्तरेला, दुमजली भिंतीला लागून कुत्रा बसला की दक्षिणेचे भरलेले आकाश घराआड जाते आणि उत्तरेचे रिकामे आकाश तेवढे समोर उरते. हाच पट्टा सांगलीला वापरला तर उत्तर-दक्षिणेचा हा फरक फारसा जाणवणार नाही, कारण तेथे हा रिकामा भाग क्षितिजालगत राहतो.

भिंतीचा दुसरा त्रास परावर्तनाचा आहे. उपग्रहाचा संकेत सरळ न येता शेजारच्या भिंतीवर, खिडकीच्या काचेवर किंवा गॅरेजच्या पत्र्याच्या दारावर आपटून आला की त्याला थोडा अधिक वेळ लागतो, आणि पट्टा वेळेवरूनच अंतर मोजत असल्यामुळे कुत्रा प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा काही मीटर दूर असल्याचे त्याला वाटते. शेजाऱ्यांच्या गॅरेजमधून गेलेली ती रेघ बहुधा अशाच परावर्तनातून आली असावी. नव्या आणि महाग पट्ट्यांत १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या जुन्या एल-१ संकेताबरोबर ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल-५ संकेतही वाचला जातो. या दुसऱ्या संकेतातील सांकेतिक क्रम दहापट वेगाचा असतो, त्यामुळे सरळ आलेला आणि आपटून आलेला संकेत वेगळा ओळखणे सोपे जाते. आमचा पट्टा एकाच वारंवारितेचा आहे. आज नव्याने घ्यायचा झाला तर ॲपमधल्या इतर शोभेच्या सुविधांपेक्षा या एका गोष्टीसाठी जास्त पैसे मोजायला माझी हरकत नसेल.

आईच्याच एका वाक्यातून आणखी एक धागा मिळाला. "रोज माझ्या चहाच्या वेळेलाच बोंबलतंय बघ ते," असे ती एकदा म्हणाली. ॲपमधल्या नोंदी तपासल्या तर सकाळच्या इशाऱ्यांची वेळ खरोखरच ठरावीक होती, आणि काही आठवड्यांत ती हळूहळू अलीकडे, पहाटेच्या बाजूला सरकत गेलेली दिसली. जीपीएस उपग्रह सुमारे ११ तास ५८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करतो, त्यामुळे आज सात वाजता आकाशात उपग्रहांची जी मांडणी असते तीच उद्या चार मिनिटे आधी पुन्हा येते. भिंती आणि झाडे जागच्या जागी असल्यामुळे त्या मांडणीत होणारी चूकही तशीच पुन्हा होते. पट्टा रशियाच्या ग्लोनास आणि युरोपच्या गॅलिलिओ या प्रणालींचे उपग्रहही वापरत असल्याने हे घड्याळ अगदी काटेकोर चालत नाही. तरी खोटे इशारे रोज जवळपास त्याच वेळी आणि त्याच जागी येत असतील, तर पट्टा बिघडलेला नसून जागा अडचणीची आहे असा निष्कर्ष काढायला हरकत नाही. कंपनीने पुढे पट्टा बदलून दिला तेव्हा याची खात्रीच पटली, कारण नवा पट्टाही त्याच कोपऱ्यात वाजू लागला.

हे तपासण्याची सोपी युक्ती अशी. कुत्र्याला यात ओढूच नये. सगळे इशारे बंद करून पट्टा प्लॅस्टिकच्या उलट्या बादलीभोवती बांधावा आणि त्यावरची जीपीएसची डबी आकाशाकडे तोंड करून बसवावी. लोखंडी खुर्ची किंवा गाडीचे टप यासाठी चालणार नाही. ही बादली तासभर अंगणाच्या मध्यावर, तासभर झाडाखाली आणि तासभर भिंतीलगत ठेवावी आणि ॲपमध्ये स्थानाची टिंबे किती पसरली ते पाहावे. आमच्याकडे अंगणाच्या मध्यावर टिंबांचा लहानसा पुंजका झाला, मेपलच्या झाडाखाली तो बराच सैल झाला आणि डेकपाशी टिंबे कुंपणाची रेघ ओलांडून गेली. कोणत्या बाजूला रेघ किती सैल ठेवायची हे या पसाऱ्यावरूनच ठरवावे; अंदाजाने ठरवू नये.

झाडांबाबत ऋतूचे भान ठेवावे लागते. हिवाळ्यात मेपल आणि ओक निष्पर्ण असताना आखलेले कुंपण उन्हाळ्यात तसेच चालेल याची खात्री देता येत नाही, कारण पानांमधले पाणी संकेत शोषून घेते आणि पाऊस पडून गेल्यावर ओली पाने त्याला आणखी अडवतात. आमच्याकडे मे महिन्यात पालवी पूर्ण फुटल्यावर झाडाखालची चूक वाढली. ज्यांच्या अंगणात बारमाही हिरवे पाइन आहेत त्यांना निदान हा ऋतुबदल तरी सोसावा लागत नाही.

बादलीवर ठीक चालणारा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बिघडत असेल तर तो कसा बसतो ते पाहावे. पट्टा सैल असला की डबीच्या वजनाने फिरून गळ्याखाली येतो, आणि मग अँटेना आणि आकाश यांच्या मध्ये कुत्र्याची अख्खी मान येते. बंडू सतत नाक जमिनीला लावून फिरतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हे वारंवार घडे. मान आणि पट्टा यांच्या मध्ये दोन बोटे जातील इतकाच तो सैल असावा. मात्र घट्ट बसणारा पट्टा रात्रंदिवस ठेवू नये, कारण झटका देणाऱ्या धातूच्या टोकांखाली कातडी चोळवटून जखमा होतात. रात्री आम्ही तो काढूनच ठेवतो.

घरातून बाहेर पडतानाचे इशारे हा वेगळाच प्रकार आहे. घरात उपग्रह नीट दिसत नाहीत, आणि काचेवर ऊर्जाबचतीचा धातूचा पातळ लेप असलेल्या खिडक्यांतून तर फारच कमी संकेत आत येतो. अशा अवस्थेतला पट्टा बाहेर येताच पहिल्या मिनिटात चुकीचे स्थान सांगू शकतो. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या आवर्तनाने पाठवत असतो. ती अखंड मिळाली नाही, मध्येच झाडाआड गेली, तर पुन्हा पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते. यावर आम्ही दोन उपाय केले. कंपनीचा ब्लूटूथ बीकन घराच्या मधल्या खोलीत बसवला, ज्याच्या टापूत असताना पट्टा इशारे देतच नाही. आणि बंडूला बाहेर सोडण्याआधी पट्टा पुढच्या पायरीवर, मोकळ्या आकाशाखाली दोन-तीन मिनिटे ठेवायची सवय लावून घेतली. बीकन भिंतीलगत लावू नये. तसे केले तर त्याचा टापू डेकपर्यंत पसरतो, आणि डेकवरून उडी मारून पळणाऱ्या कुत्र्यालाही पट्टा घरातच समजतो.

कुंपण आखण्याच्या पद्धतीनेही बराच फरक पडतो. ॲपमधले उपग्रह छायाचित्र प्रत्यक्ष जमिनीपासून काही मीटर सरकलेले असू शकते, त्यामुळे चित्रातल्या वाहनमार्गाच्या कडेवर ओढलेली रेघ प्रत्यक्षात शेजाऱ्यांच्या गुलाबांवर पडते. पट्टा हातात धरून, डबी आकाशाकडे ठेवून, सीमेवरून सावकाश चालत आखलेली रेघ अधिक विश्वासार्ह ठरली. रेघेला काटकोनी खाचाखोचा ठेवू नयेत. अरुंद टोकांत कुत्रा शिरला की दोन्ही बाजूंची चूक एकाच वेळी त्याच्यावर येते. आम्ही उत्तरेकडची रेघ तेथल्या मोकळ्या सामाईक जागेत दूरवर ढकलली, त्यासाठी संघटनेची परवानगी घेतली, आणि रस्त्याकडची रेघ मात्र आणखी आत ओढली. सर्वांत मोठा फरक याच एका बदलाने पडला.

फोनवर येणारे इशारे आणि पट्ट्यावर वाजणारे इशारे यांची गल्लत करू नये. कुत्रा रेघेच्या आत आहे की बाहेर हे पट्टा स्वतःच ठरवतो. फोनला ती बातमी मोबाइल नेटवर्कमधून जाते. आमच्या घराच्या मागच्या उतारावर रेंज कमी असल्याने बंडू परत येऊन पाणी पीत असताना तो बाहेर गेल्याची सूचना फोनवर येई. हा इशारा खोटा नसतो, फक्त शिळा असतो, आणि त्याला कुंपणाची कोणतीही फेररचना उपयोगी पडत नाही. सूचनेवर दिलेली वेळ आणि नोंदीतली वेळ जुळवून पाहिली की दोन्ही प्रकार लगेच वेगळे करता येतात.

क्वचित कारण खरोखरच आकाशातले असते. १० मे २०२४ रोजी आलेल्या तीव्र सौर वादळात अमेरिकेतल्या अनेक शेतकऱ्यांच्या जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांना ऐन पेरणीत थांबावे लागले होते. अशा दिवशी गळपट्ट्यावर भिस्त ठेवू नये, इतकेच.

ग्राहकसेवेचा अनुभव संमिश्र म्हणावा लागेल. पहिल्या फोनवर पट्टा बंद करून चालू करा, ॲप काढून पुन्हा टाका, फर्मवेअर, म्हणजे पट्ट्यातले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करा, एवढेच ऐकायला मिळाले. त्यांतला फर्मवेअरचा सल्ला योग्य होता, आणि त्यानंतर पट्ट्यातल्या हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचे कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते हेही तेव्हाच कळले. कुत्रा झोपला आहे हे त्या सेन्सरने नीट ओळखले तर पट्टा स्थान गोठवून ठेवतो आणि झोपेतले इशारे बरेच कमी होतात. पुढच्या वेळी भेटलेल्या तंत्रज्ञ बाईंनी मात्र नोंदी मागवून घेतल्या, उत्तरेकडच्या भिंतीविषयी स्वतःहून विचारले आणि पट्टा विनातक्रार बदलून दिला. एवढी माहिती असलेली व्यक्ती पहिल्याच फोनवर का मिळू नये, हा प्रश्न उरतोच.

झटक्याविषयी माझे मत ठाम आहे. जो पट्टा झोपलेल्या कुत्र्याला कुंपणाबाहेर समजू शकतो, त्याच्या हाती झटक्याचा अधिकार देऊ नये. वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे, आणि प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये बक्षिसावर आधारित प्रशिक्षणाचीच शिफारस केली आहे. केवळ आवाजाच्या खोट्या इशाऱ्यांनीही बंडू काही काळ डेकवर पाय ठेवायला तयार नव्हता. त्याला पुन्हा तेथे आणायला उकडलेल्या चिकनचे बरेच तुकडे खर्ची पडले. झटका चालू असता तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

एवढे सगळे केल्यावर खोटे इशारे अधूनमधून येतात, पूर्णपणे थांबलेले नाहीत, आणि अर्ध्या एकरात, झाडांच्या आणि दुमजली घरांच्या मध्ये ते पूर्ण थांबतील असे मला वाटत नाही. एक एकर किंवा त्याहून मोठी, मोकळी जमीन असलेल्यांना हा पट्टा मी निःसंकोच सुचवेन. आमच्यासारख्या भूखंडावर तो कुत्र्याचा माग काढणारा चांगला पट्टा आहे, कुंपण म्हणून मात्र दुय्यम. रस्त्याच्या बाजूला बंडूला आजही आम्ही साखळीनेच नेतो. टाउनहाउसमध्ये, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत, राहणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. पाच पैकी तीन तारे देतो.

घ्यायचा विचार असेल त्यांनी बादलीची चाचणी परताव्याच्या मुदतीत उरकावी आणि ती होईपर्यंत सबस्क्रिप्शन महिन्याच्या बोलीवरच घ्यावे. वार्षिक योजना स्वस्त पडते, परंतु आमच्या कंपनीच्या अटींनुसार पट्टा परत केला तरी त्या योजनेचे पैसे परत मिळत नव्हते, आणि ही अट पैसे भरण्याच्या पानावर सर्वांत खाली, बारीक अक्षरांत होती.